बुंधा-शेंडा

पोफळीचं खोड खांद्यावर आलं तेव्हा
माझ्या पिशवीत सात नकाशे होते.
सातही नीटनेटके. एकात तर व्हाळाला
मी निळी छटासुद्धा दिली होती.

आचऱ्याच्या खाडीला व्हाळ मिळतो, त्याच्या थोडं वर
अकरा पोरांची वाडी, शाळा पलीकडे.
भरतीला पाणी छातीला, ओहोटीला चिखल गुडघ्याला.
लोखंडी पूल दोनदा झाला होता.
खाऱ्या हवेनं खाऊन उरलेल्या दोन कोनांवर
आता कालवं धरली होती.

धाकू मेथरांनी नकाशा घेतला,
उलटा धरून पाहिला,
मग त्यानं माश्या वारल्या.
"कागदाक काय इचारतंस? उचल तां."

उचललं.
मी मागे बुंध्याकडे, पुढे त्यांची सून दुरपद.
गळलेल्या झावळ्यांच्या वळ्या मानेला घासत होत्या,
तळव्यात पहिली कूस शिरली.
बाहेर हाड, आत ओला भुसा,
चाललं की खोड आपल्या चालीनं झुलतं,
आपली चाल चुकली की कुरकुरतं.
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

पलीकडून बाबनी सुंभ लावून ओढायचा.
एक, दोन, तीन, चार.
मी चालून पाहिलं.
अलीकडे पाऊल घट्ट,
पलीकडे जाऊ तसा साकव डुलायला लागला,
खोडांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी,
खाली बेडूक दिसत होता.

बसले. हिशेब काढला.
मध्ये एक मेढ? बाबनीनं ठोकून पाहिली,
चिखलानं ती कोपरापर्यंत गिळली.
अजून दोन खोडं? वजन वाढेल.
आडवे बांबू? सुंभ कुठून आणायचा?
नकाशात खोड म्हणजे दोन समांतर रेघा.
समांतर.
रेघा मारताना कसं सुचलं नसेल,
झाड वर जाता जाता बारीक होतं
एवढं साधं?
आणि चारही शेंडे आम्ही तिकडेच ढकलले होते.
पण तेव्हा हेही कळलं नव्हतं,
तेव्हा फक्त खांदा सोलवटला होता
आणि भरती चढत होती.

पाचव्या खोडाशी मी म्हटलं,
"दुरपद, आता हलकी बाजू मला दे."
ती हसली. बुंधा तिनं घेतला,
वाट तिच्या पायाखालची म्हणून पुढेही तीच.
बांध एकाच माणसापुरता,
वळवायला जागा नव्हती.
जसं आलं तसं ढकललं,
बुंधा पलीकडे, शेंडा माझ्या हातात.

ते फटीत बसलं.
ठेवलं नाही, बसलं,
डब्याचं झाकण बसतं तसं,
आणि शेंड्यातून एक थाप
माझ्या मनगटापर्यंत आली.
हाताला कळलं.
मी अजून सुंभाचाच विचार करत होते.

धाकू मेथर पान थुंकले. "गावलां."

सहावं मुद्दाम उलटं,
सातवं सुलटं.
काथ्या भिजवून आवळला, गाठ दुरपदनं मारली,
ती मला तीनदा दाखवूनही आली नाही.

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?" मी विचारलं.
ते पाण्यात पाय धूत होते.
"ठाऊक खयचा? दरवर्साक वाहून जाता,
दरवर्साक कोणाचो तरी खांदो दुखता,
मगे सुचता."

हे खरं की माझी थट्टा, अजून ठरत नाही.

ओरोसच्या कचेरीत मी आठवा नकाशा काढला.
पट्टी होती, पण रेघ
पुढे जाता जाता बारीक होत गेली.
साहेब म्हणाले, "ही तिरकी आली."
"हो," म्हटलं.
ते बदला म्हणाले. मी बदलली नाही,
किंवा बदलली, आठवत नाही.

कूस अजून तळव्यातच आहे.
अंगठ्यानं दाबली
की सांगते कुठल्या बाजूला बुंधा.